काकींची मांजर

आमच्या जळगावात चैत्र संपत आला की दुपारी घरं मिटून घ्यावी लागतात. दारं लावायची, खिडक्यांवर जाड पडदे सोडायचे, फरशीवर बादलीभर पाणी मारायचं आणि घरात जे कोणी असतील त्या सगळ्यांनी कूलरच्या खोलीत येऊन पडायचं. तिथं धड अंधार नसतो आणि धड उजेडही नसतो. वाळ्याच्या ओल्या वासात आणि कूलरच्या घरघरीत आपण झोपलोय की जागे आहोत, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यातलं मला जे काही आठवतं ते असं झोपेच्या काठावरचं आहे. काय आधी झालं आणि काय नंतर, असं कोणी विचारलं तर मी नवऱ्याकडे बोट दाखवते आणि तो माझ्याकडे.

एवढं मात्र नक्की, की काकी गल्ली सोडून गेल्या त्या याच उन्हाळ्यात.

काकी आमच्यापासून चार घरं सोडून राहायच्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण डाळीच्या व्यापारात तीन पिढ्या इथंच मुरलेलं. काका गेले, मुलानं दुकान आवरलं आणि तो सुरतेला गेला. काकी मात्र हटल्या नाहीत. त्या मोठ्या घरात त्या आणि त्यांची मांजर, दोघीच राहायच्या. शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली, घराचा सौदा झाला आणि काकींनी मुलाकडे जायचं ठरलं. मांजर नेता येणार नव्हती, कारण नातवाला दमा होता.

ही मांजर काकींकडे कशी आली, ती गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. ती पिल्लू असताना गोदामात तुरीच्या गोण्यांमध्ये सापडली. हमाल खूश झाले, आता उंदरांचा बंदोबस्त होईल म्हणाले. काकींना नेमकी तीच धास्ती. गोदाम आपलं, तिथं हिनं उंदीर मारले तर पाप कोणाच्या माथी? म्हणून त्यांनी तिला उचलून घरी आणलं आणि तिला कधी भूकच लागू द्यायची नाही असं ठरवलं. पोट भरलेलं असेल तर ती कशाला कुणाच्या जिवावर उठेल, हा त्यांचा सरळ हिशोब. तूप लावलेली पोळी दुधात कुस्करून आणि कधीमधी मुगाची मऊ खिचडी, यावर ती वाढली. पांढरीशुभ्र, पाठीवर विटकरी ठिगळ, चांगली गुबगुबीत. काकींच्या घरातल्या पाली कुठे जात होत्या ते आम्ही कधी विचारलं नाही.

आणि आमच्याकडे होता बोका. तो माझ्या माहेरचा, असोद्याचा. भाव येईल म्हणून घरात भरून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात त्याचा जन्म झाला. करडा रंग, मडक्याएवढं डोकं, एक कान फाटलेला. रात्री आमच्या जेवणाच्या वेळी त्याला सुकट लागायची आणि ती मिळेपर्यंत तो नवऱ्याच्या पायावर पाय देऊन उभा राहायचा. नवरा साक्रीकडचा. बोक्यानं काहीही आगाऊपणा केला की तो मला म्हणायचा, तुझ्या माहेरचं वळण. मी ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण या बाबतीत माझ्याकडे बोलायला जागा नव्हती.

काकींनी मला मांजर सांभाळ असं म्हटलंच नाही. एके सकाळी गुडघे धरत आल्या, खुर्चीत बसल्या, बोक्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, तुझ्याकडे ती जेवायला लागली की मी सुटले. नाही जेवली तर मला फक्त कळव, मी परत येईन."

परत कुठे येणार होत्या? घर तर दुसऱ्याचं झालं होतं. मला रागच आला. नाही म्हणायची सोयच उरणार नाही, असं माणसानं मागू नये. मी हो म्हटलं, तेही चिडून. आणि त्या गेल्यावर चहा टाकता टाकता रडले.

मांजर न्यायची तर तिला वाट दिसता कामा नये, नाहीतर ती परत येते, अशी काकींची पक्की समजूत. म्हणून आमच्या नवऱ्यानं तिला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि चार घरांवरून आणायच्या ऐवजी मारुतीच्या देवळाला वळसा घालून, पिठाच्या गिरणीमागून, सगळी गल्ली फिरवून आणलं. घामानं निथळत घरात आला आणि टोपली उघडली. मांजर बाहेर आली, मागच्या खोलीच्या खिडकीत चढली आणि तिला समोरच काकींची गच्ची दिसली. नवऱ्यानं फक्त पंखा वाढवला.

पुण्याहून मुलीनं फोनवर सगळी रीत सांगितली होती. दोघांना लगेच समोरासमोर आणायचं नाही. नवीला वेगळी खोली, वेगळं वाळूचं घमेलं. हिच्या अंगावरून फिरवलेलं फडकं त्याच्याजवळ ठेवायचं आणि त्याच्या अंगावरचं हिच्याजवळ. मग बंद दाराच्या एका बाजूला याची ताटली, दुसऱ्या बाजूला तिची, आणि दोघांना एकाच वेळी जेवायला घालायचं. म्हणजे पलीकडच्याचा वास आला की पोटभर जेवण आठवतं आणि वैर उरत नाही. मला पटलं. किती सासू-सुनांचं असं केलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

आम्ही सगळं तसंच केलं. नवऱ्याच्या जुन्या बनियनचे दोन तुकडे झाले. काकींनी तिच्याबरोबर तिचं निजायचं गोणपाट दिलं होतं. बोक्यानं ते हुंगलं, शिंकला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. रात्री आमची पानं वाढली की मी दाराच्या अलीकडे त्याची सुकट ठेवायची आणि पलीकडे तिची दूध-पोळीची वाटी. अलीकडून कुडूम कुडूम आवाज यायचा. पलीकडे सामसूम.

ती वाटीकडे बघायचीसुद्धा नाही. धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची. सकाळपर्यंत वाटीला मुंग्या लागायच्या, मी ती टाकून द्यायची. सकाळी बशीत दूध दिलं तर चार वेळा जीभ लावायची, तेवढंच तिच्या पोटात जायचं. मी दूध बदललं, वाटी बदलली, बाजारातलं मांजराचं खाणं आणलं. तिनं त्याचा वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमले. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मांजरीला आजार काही नाही, दुसऱ्या मांजराचा धसका घेतलाय, पण उपास असाच चालला तर हिचं लिव्हर जाईल आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही. काकींनी तिला आजवर दूध-पोळीवर ठेवलं म्हणून डॉक्टरांनी मलाच झापलं. मी घरी येऊन बोक्याला झापलं.

काकींचा फोन रोज सकाळी यायचा. खाते का? मी म्हणायची, थोडं थोडं. साफ खोटंही नव्हतं ते. पण फोन ठेवला की मला दिसायचं, की काकी पिशवी घेऊन गाडीत बसल्यात आणि कुलूपबंद घराच्या पायरीवर येऊन उतरल्यात, मांडीवर ही हाडकुळी मांजर. दिवसाउजेडी डोळे उघडे ठेवून मला हे दिसायचं.

दुपारी सगळे कूलरपुढे आडवे झाले की मी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन फरशीवर पडायची. दाराखालच्या फटीतून तिचे पंजे दिसायचे, एकमेकांशेजारी नीट ठेवलेले. बोकाही येऊन माझ्या पोटाशी टेकायचा आणि त्या फटीकडे बघत राहायचा. बाहेर ऊन इतकं व्हायचं की रस्त्याचा आवाजच नाहीसा व्हायचा. कधी मला वाटायचं मी असोद्याला आहे, लहान आहे, कापसाच्या खोलीत लपले आहे आणि कोणीतरी मला शोधतंय. कधी वाटायचं पलीकडे काकीच बसल्यात आणि त्या काही मागत नाहीयेत. जाग यायची तेव्हा फरशी सुकलेली असायची आणि माझ्या गालावर तिच्या चिरा उमटलेल्या असायच्या.

रोज उन्हं कलली, भिंतीवर पिवळा उजेड चढला, की ती रडायला लागायची. ओरडणं नव्हे, बारीक आवाजात एकसारखं काही मागितल्यासारखं. दारावर नखं फिरवायची. आम्हाला वाटायचं, संध्याकाळ झाली, घर आठवतंय हिला. कातरवेळ माणसाला सोसत नाही, तिथं मुक्या जिवाचं काय? म्हणून मी काकींची गच्ची दिसू नये यासाठी खिडकीचा पडदा सारायची. नवरा दाराला तोंड लावून त्याच्या आईच्या अहिराणीत समजूत घालायचा, "रडू नको माय, बठ्ठं बरं व्हई जाई." दिवे लागले की ती गप्प व्हायची. आम्ही म्हणायचो, चला, शांत झाली.

एकदा काकींचा फोन सकाळी आला नाही, संध्याकाळी आला. मुलाबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या म्हणे. मी मागच्या खोलीच्या दाराशीच उभी होते आणि आतून तिचं रडणं चालू होतं. काकी बोलता बोलता थांबल्या.

"ती का मागतेय?"

मी म्हटलं, रोजच रडते या वेळेला, घराची आठवण येते तिला.

"आठवण कसली, भूक लागलीय तिला. तिकडे दिवस आहे ना अजून? मग घाल की आता. आणि तिच्यापुढे बस, तूही दोन घास खा. ती एकटी जेवत नाही."

वीस वर्षं मी या बाईला ओळखत होते. सूर्य मावळला की काकी पाणीसुद्धा तोंडात घेत नसत. दिवे लागायच्या आत त्यांचं ताट व्हायचं, भांडी व्हायची, स्वयंपाकघराला कडी लागायची. संध्याकाळी मी काही चवीला घेऊन गेले तर त्या हसून म्हणायच्या, आता उद्या. हे सगळं मला माहीत होतं. पण त्यांच्या घरातली मांजरही त्याच घड्याळावर जेवत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि काकींनी ते सांगितलं नाही, कारण रात्री कोणी कुणाला जेवायला घालतं हेच त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ती रोज वेळेवर पान मागत होती आणि आम्ही पडदा ओढून तिची समजूत काढत होतो. मग रात्री सुकटीच्या वासात तिच्यापुढे वाटी सरकवत होतो. मला हसू येत होतं आणि रडूही.

मी धावत जाऊन पोळी काढली. तूप वितळवायला सुद्धा थांबले नाही, बोटानंच लावलं. दुधात कुस्करून वाटी तिच्यापुढे ठेवली, आणि एक पोळी माझ्या हातात घेऊन तिच्यासमोर मांडी घातली. मी घास घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि खाली मान घातली. मग वाटी फरशीवर सरकत सरकत कोठीपर्यंत गेली तरी तिनं मान वर काढली नाही. खिडकीतला पडदा मी बाजूला केला. गच्चीवर अजून ऊन होतं.

त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळी दिवे लागायच्या आत एक पंगत बसायला लागली. बोक्याला हे पहिल्या दिवशीच कळलं. दाराखालून त्याचा एक पंजा तुपाच्या वासाच्या दिशेनं आत आला आणि फरशी चाचपायला लागला. मग त्यालाही अलीकडे वाटी द्यावी लागली. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं. संध्याकाळी दूध-पोळी खाऊन मिशा पुसायच्या, आणि रात्री अंगणात जाऊन नवऱ्याच्या हातून सुकटही खायची. नवरा म्हणाला, हा दोन्ही धर्म पाळतो. मात्र मुलीनं सांगितलेली रीत आता कुठे लागू पडली, कारण दाराच्या दोन्ही बाजूंना आता खरंच जेवण होत होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तिच्या दुधात ते बाजारातलं खाणं चिमूट चिमूट मिसळायला लागले. त्यात काय असतं ते मी काकींना सांगितलं नाही आणि कधी सांगणारही नाही.

वैशाख लागला तशी मागची खोली तापली. तिच्यावर पत्रा आहे. दार किती दिवस बंद ठेवायचं याचा विचार मी करत होते, पण नवऱ्यानं विचार वगैरे केला नाही. एका दुपारी उठून त्यानं ते दार सताड उघडलं, परत येऊन कूलरपुढे आडवा झाला आणि घोरायला लागला. त्या अर्धवट अंधारात मी डोळे किलकिले करून पडले होते. काहीतरी पांढरं उंबऱ्याशी आलं, थांबलं, ओल्या फरशीवर एक पाऊल टेकवून झटकलं. माझ्या पोटाशी बोक्याचं अंग ताठ झालं. तो गुरगुरला, उठला, तिच्याकडे गेला. त्यानं तिच्या डोक्यावर एक चापट मारली, ती फिस्कारली आणि नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन बसली. बोका याच्या पोटाच्या बाजूला बसला. मधे हा घोरत पडलेला. उठायची मला भीती वाटत होती, म्हणून मी पडूनच राहिले, आणि पडल्या पडल्या मला झोप लागली.

पुढच्या दुपारी अशाच गेल्या, एकीत दुसरी मिसळत. कधी चापट, कधी नुसतं बघणं. कधी ती पलंगाखाली, तो पलंगावर. कूलरमध्ये पाणी भरायचं, पडदे भिजवायचे, डोळे मिटायचे. मग एकदा डोळे उघडले तर कूलरच्या झोताखाली फरशीवर दोघं पाठीला पाठ लावून झोपली होती, करडी पाठ आणि विटकरी ठिगळ. मी नवऱ्याला हलवून उठवलं. त्यानं पाहिलं, बरं म्हणाला, आणि कूस बदलली. मला मात्र इतका आनंद झाला की पुन्हा झोप येईना.

सुरुवातीला मी रोज संध्याकाळी काकींना फोनवर पंगत दाखवायची. ती कशी खाते हे त्यांना बघायचं असायचं. मग सगळं सुरळीत झालं, आंबे आले, लोणच्याच्या कैऱ्या आल्या, मुलगी सुट्टीला आली, आणि माझा फोन राहून गेला. मी मनात म्हटलं, आता कशाला? मांजर जेवते आहे, काकी सुटल्या.

पाऊस अजून दूर होता तेव्हा एका दुपारी काकींच्या सुनेचा फोन आला. तिच्याशी माझं बोलणं फारसं व्हायचं नाही. ती हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, आई संध्याकाळच्या जेवतच नाहीत. घरातली सगळी परत येईपर्यंत अंधार होतो, म्हणून मी त्यांचं ताट आधी वाढते, तर म्हणतात एकटीला भूक नाही. वजन उतरलंय, डॉक्टर रागावले. मध्यंतरी बरं चाललं होतं. तुमचा फोन यायचा तेव्हा समोर ताट घेऊन बसायच्या. तो बंद झाला तसं पुन्हा...

मग म्हणाली, "रोज लावाल का? पाच मिनिटं चालतील."

ती एकटी जेवत नाही, असं काकींनीच मला सांगितलं होतं, आणि मी ते फक्त मांजरीबद्दल ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी मी दोन वाट्या मांडल्या, स्वतःसाठी ताटलीत एक पोळी घेतली आणि फोन तांब्याला टेकवून उभा केला. काकी दिसल्या. गळ्याशी हाडं वर आली होती. सुनेचा फोन आला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. मांजर खात होती, बोका तिच्याआधी आपलं संपवून तिच्या वाटीकडे डोळा ठेवून होता. आमच्या खिडकीतला उजेड हळूहळू राखाडी झाला. काकींच्या मागच्या भिंतीवर मात्र अजून पिवळं ऊन होतं. सुरत पश्चिमेला, त्यांचा सूर्य आमच्यापेक्षा थोडा उशिरा बुडतो.

"झालं," आमची खिडकी बघून काकी म्हणाल्या, "मावळला दिवस."

"आमच्याकडे मावळला, काकी. तुमच्याकडे अजून आहे. ताट मागवा."

मी माझ्या पोळीचा घास मोडून हातात धरला, खाल्ला नाही, आणि त्यांच्याकडे बघत बसले. काकींनी थोडा वेळ त्या दोघांकडे पाहिलं, आणि सुनेला हाक मारली.